डोहाचा पहिला घास

भोयांच्या मोहल्ल्यात पंचफुलाएवढी झपाझप मासोळी साफ करणारी बाई दुसरी नव्हती, आणि त्याच पंचफुलानं दोन वर्षं मासोळीला तोंड लावलेलं नव्हतं. बाजाराच्या दिवशी ती टोपलं घेऊन बसायची, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायची, नवऱ्यानं लांबच्या नाल्यातून आणलेले लहानसहान मासे आणि झिंगे विकायची. वासानं नाकाला पदर लावणाऱ्या बायाच तिच्या टोपल्यापुढं सगळ्यांत आधी येऊन बसत, हा भाग वेगळा. घरी आली की ती हात राखेनं घासघासून धुवायची आणि बेसनाचं चून आणि भाकर खाऊन पडायची. नवरा डोमाजी समोर बसून तेच खायचा. त्यानं दुसरं कधी काही मागितलं नाही.

गाव पूर्णेच्या काठी, मूर्तिजापूर आणि दर्यापूर यांच्या मधलं, ऐन खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी असं की गुळाचा खडा तोंडात धरून प्यालं तरी जिभेवर मीठच. म्हणून माणसं काय, गुरं काय, सगळ्यांचा जीव नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर. उन्हाळ्यात पूर्णा वाळूत गडप व्हायची आणि मोहल्ल्याखालचा डोह तेवढा उरायचा. चैत्र-वैशाखात आसपासच्या नाल्यांत चिखलसुद्धा राहत नसे, तेव्हा भोयांच्या चुली या डोहावर पेटत. तोच डोह दोन उन्हाळे बंद होता, आणि बंद होता तो पंचफुलामुळं.

झालं होतं ते असं. साठ सालच्या भादव्यात पूर्णेला पूर आला. पुराचं भोयांना कौतुकच असतं, कारण पाणी काठावर चढून सखल रानांत पसरतं आणि त्याच्यामागं मासेही रानात शिरतात. या रानांना गावात बुडीत म्हणत. पाणी ओसरलं की बुडितात डबकी राहतात, आणि डबक्यांत वाट चुकलेले मासे. मोहल्ल्यातली पोरं जुन्या लुगड्याचा तुकडा धरून दिवसभर तिथं धुमाकूळ घालत. पंचफुलाची वच्छला त्यांच्यातच होती. दुधाचे दात पडायचं वय, पुढं दोन खिडक्या, आणि तोंड असं चालायचं की डोमाजी म्हणायचा, हिले बाजारात बसवा, टोपलं मिनिटात रिकामं करील. त्या दिवशी गावावर लख्ख ऊन होतं. पाऊस पडत होता तिकडं मेळघाटच्या डोंगरात, आणि डोंगरातला पाऊस सांगून येत नाही. दुपारी दुसरा लोंढा आला तो बुडितावरूनच आला. बाकीची पोरं पळत काठावर चढली. वच्छीच्या लुगड्याच्या तुकड्यात मासे होते, ते सोडवेनात तिला. पोरांनी नंतर असं सांगितलं.

पंचक्रोशीत कोणी बुडालं की प्रेत काढायला बोलावणं भोयांनाच येई. मारवाड्याचा मुलगा काढला होता त्यांनी, गावच्या पुजाऱ्याला काढलं होतं, एक फौजदार काढला होता. सगळ्या जगाची माणसं हुडकून देणाऱ्यांना आपली एक पोर हुडकता आली नाही. डोमाजी डोहात बुड्या मारमारून बेशुद्ध पडला, तेव्हा त्याच्या चुलतभावानं, पुंजाजीनं, त्याला केसाला धरून बाहेर ओढलं.

मोहल्ल्याची एक जुनी रीत होती. डोहानं माणूस घेतलं आणि परत दिलं नाही, तर त्या माणसाच्या आईनं डोहातल्या मासोळीचा पहिला घास घ्यायचा. त्या घासासाठी टाकायचं ते सोडलं, तर तिनं घास घेतल्याशिवाय डोहात कोणाचं जाळं पडायचं नाही. जिचं गेलं तिचं मन निवळेपर्यंत बाकीच्यांनी दम धरायचा, एवढाच या रितीचा अर्थ असावा. आजवर बायांनी वर्षश्राद्धाला रडत रडत घास घेतला होता आणि डोह मोकळा झाला होता. वच्छीच्या वर्षश्राद्धाला पंचफुलासमोर ताट आलं. ताटात डोहातली मरळ होती. पंचफुलानं तिच्याकडं पाहिलं आणि उठून बाहेर जाऊन ओकली.

कोणी तिला बोललं नाही. पण दुसरा उन्हाळा लागला तशी घराघरांत कण्या शिजू लागल्या, दोन कुटुंबं मोर्शीकडं संत्र्याच्या बागेत मजुरीला निघून गेली, आणि माणसं तिच्याशी बोलताना जरा सावरून बोलू लागली. पुंजाजी मोहल्ल्याचा वडीलधारा. तो एकदा ओट्यावर येऊन टेकला आणि म्हणाला, "पंचफुला, मी तुले म्हणत नाही काही. पण तू काहून थांबली, तेवढं सांग मले."

"भाऊजी, ते मासे काय खाऊन मोठे झाले, मले माहीत नाही," पंचफुला म्हणाली.

पुंजाजी जाळी शिवत आयुष्य काढलेला माणूस. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो उठला आणि पागोटं सारखं करीत निघून गेला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

अशात भगवंत तायडे गावात आला. मूळचा वलगावचा, अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीनं यायचं, स्टेशनवरून सायकल, सायकलच्या मागं पेटी बांधलेली. गावच्या पाटलांनी आधी त्याला खुर्ची दिली. मग आडनाव विचारलं, छप्पनला दीक्षा घेतलेल्यांपैकी आहे हे ऐकलं, आणि पाणी द्यायचं विसरले. तसा तो सायकल ढकलत भोयांकडं उतरला. पुंजाजीनं त्याला झिऱ्याचं गार पाणी दिलं. शिकलेल्या माणसाला एवढं पाणी लागतं हे पाहून त्याला गंमत वाटली.

"डोह बंद हाये, मास्तर. जाळं नाही पडत," पुंजाजीनं त्याला आधीच सांगून टाकलं.

"जाळं नोका टाकू. गळानं चार-दोन धरले तरी होते," भगवंत म्हणाला. "मले खायाचे नाहीत. पोटात पायाचं हाये."

"पोटात काय पायता?"

"त्यायनं काय खाल्लं ते. आता पाहा, पूर ओसरला की मासा असा गलेलठ्ठ होते. तो डोहातल्या शेवाळावर पोसते, का पुरात बुडालेल्या रानात चरून येते? मले याचा माग काढायचा हाये. तुमचा डोह दोन वर्षं कोणी ढवळला नाही म्हणे. असा डोह मले कुठी भेटन?"

पुंजाजी हसला. नोकरीतली माणसं पगार घेऊन माशाचं पोट तपासतात, हे त्याला नवं होतं. गळ म्हणजे जाळं नव्हे, आणि खायचं नाही म्हणजे रीत मोडत नाही, एवढा विचार त्यानं केला; तरीही तो नाही म्हणणारच होता. पण झिऱ्यावर घागर भरत असलेली पंचफुला तिथूनच बोलली.

"धरू द्या त्यायले. पण पोट मी फाडीन. मी नसली तर कोणी हात लावायचा नाही."

भगवंतला वाटलं, बाई कामाची दिसते. माणूस भला होता, पण आपल्या कामाच्या नादात असलेल्या माणसाला बाकीचं जग जरा उशिरा दिसतं.

काठावरच्या उंबराखाली त्यांचं काम सुरू झालं. सकाळी डोमाजी गळ टाकी, वर आलेला मासा ओल्या फडक्यात गुंडाळून आणून ठेवी आणि पाठ करून निघून जाई. पंचफुला विळीवर पोट उघडी. भगवंत चिमट्यानं आतलं काढून काचेच्या बशीत पसरी आणि पितळी सूक्ष्मदर्शकाखाली धरी. पंचफुला त्याला दुर्बीण म्हणायची. भगवंतनं तिला त्यातून पाहायला शिकवलं. शेवाळाचे हिरवे धागे, नाकतोड्याचा पाय, गवताचं बी, उंबरातले किडे, ज्वारीचं टरफल, आणि कितीतरी नुसता गाळ. भगवंत प्रत्येक गोष्टीचं नाव सांगे आणि ती डोहातली की काठावरची की रानातली, तेही सांगे. असा कामात रस घेणारा एक विद्यार्थी आपल्या वर्गात नाही, असं तो एकदा तिला म्हणाला. पंचफुला बशीकडं पाहत होती.

तिला काय हवं होतं, ते तिचं तिलाच धड माहीत नव्हतं. काही सापडू नये म्हणून ती पाहत होती, आणि सापडावं म्हणूनही. सगळ्या माशांची पोटं पाहून झाली आणि कुठंच काही नाही निघालं, तर वच्छी यांच्यात नाही असं ठरेल. मग ती कुठंतरी खाली वाहत गेली असेल, तापीला, पार समुद्राला. कुठंही, पण या काळ्या पाण्यात नाही. आणि काही निघालंच, तर निदान ते हातात घेता येईल. दर वेळी विळीवर बसताना तिचे हात गार पडत आणि पहिलं पोट रिकामं गेलं की हळूहळू ऊब येई.

"मास्तर, यायच्या पोटात केस सापडते काय?" तिनं एकदा विचारलं.

"केस पचत नाही. पण मासा केस गिळत नाही बहुतेक."

"अन् बांगडीचा काच?"

"काच कायले खाईन तो?" भगवंत हसून म्हणाला. "तुमी सगळं बारीक इचारता बा."

"अन् नरम असलं तर? मास?"

"नरम असलं तर सगळ्यात आधी जाते. एक दिवस, दोन दिवस. मंग काही दिसत नाही."

पंचफुलाचा हात थांबला. भगवंत बशीत वाकलेला होता. तिनं पुन्हा हात चालवायला घेतला, पण त्या दिवशी तिच्या विळीला धार नव्हती. एक मासा फाटला, आणि असं तिच्याकडून लहानपणापासून कधी झालं नव्हतं.

असेच बरेच दिवस गेले. भगवंत कधी शनिवारी येई, सुटी असली की राहून जाई. पुंजाजीच्या ओट्यावर झोपे आणि कण्या खाई. आपल्यासाठी मासोळी का शिजत नाही हे त्यानं विचारलं नाही. गरिबी असेल असं समजून पुढच्या वेळी तो तांदूळ घेऊन आला. आणि एक दिवस तो फार खुशीत होता. त्याला हवं होतं ते गवसलं होतं.

"हे पाहा," त्यानं पंचफुलाला सांगितलं. पुंजाजी शेजारीच जाळं पसरून बसला होता. "आता उन्हाळ्यात यायच्या पोटात शेवाळ अन् गाळ, काठावरचा एखादा किडा नाही तं दाणा. ठीक. पण तेवढ्यावर असा मासा होत नाही. मागच्या भादव्यात मी खालच्या गावी बुडितातले मासे पाह्यले होते. त्यायच्या पोटात सगळं रान होतं. दाणे, किडे, गोगलगाई, गवत. मंजे वर्षभराची कमाई मासा त्या पुराच्या दिवसायत करते. लहान मासा रान खाते, मरळ त्या लहान्या माशाले खाते. ही मरळ पाहा. ही डोहात राहते, पण ही डोहाची नाही. पुरात जे जे पाण्याखाली गेलं, ते ते हिच्या अंगात हाये. काहीच वाया जात नाही पाहा, पंचफुलाबाई."

त्याचा चेहरा उजळलेला होता. पंचफुलानं मरळ बशीत ठेवली.

"माणूसही?" तिनं विचारलं.

भगवंतला प्रश्न समजला नाही. त्यानं पुंजाजीकडं पाहिलं. पुंजाजीच्या हातातली सुई थांबली होती.

"मास्तर," पुंजाजी हळूच म्हणाला, "तिची पोट्टी गेली न साठच्या पुरात. याच बुडितातून. भेटली नाही."

भगवंत खाली बसला. केस, काच, मास, एकेक प्रश्न त्याच्या डोक्यातून पुन्हा गेला असावा, कारण त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेलेला पंचफुलानं पाहिला. तिला त्याची कीव आली. त्याचा काही गुन्हा नव्हता.

"मले खरं सांगा," ती म्हणाली. "तुमी शिकले. माह्या वच्छीचं काही यायच्यात हाये का नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. नाही म्हणून सांगितलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? पण तो ज्या घरातून शिकून वर आला होता, तिथं खरं बोलायला फार किंमत मोजलेली होती, आणि खोटं त्याच्या जिभेला वळत नव्हतं.

"मले माहीत नाही," तो म्हणाला. "पोटात दिसते ते आज-कालचं खाल्लेलं. दोन वर्षांपूर्वीचं खाल्लं ते अंगात मुरलं. अंगात मुरलेलं कोणाचं व्हतं, दाण्याचं का किड्याचं का आणखी कशाचं, ते पायाचं यंत्र अजून निघालं नाही. कितीही पोटं फाडली तरी नाही समजणार, बाई. मले माफ करा."

पंचफुलानं मान हलवली. विळी धुतली, पुसली, आणि घरी गेली. भगवंतनं त्याच दिवशी पेटी बांधली. जाताना तो तिच्या दारापुढं बराच वेळ सायकल धरून उभा राहिला. आत जायचं धैर्य त्याला झालं नाही.

त्या दिवसापासून पंचफुलानं झिऱ्याचं पाणी सोडलं. झिरा डोहाच्याच वाळूतला. ती गावच्या विहिरीचं खारट पाणी आणून पिऊ लागली, ते पाणी ज्याला गुरंसुद्धा तोंड फिरवतात. आठवडाभरात तिचं पोट फुगलं, जुलाब लागले, ओठ फुटले. शेजारच्या केशरबाईनं गूळपाणी करून आणलं. पंचफुलानं कुठल्या पाण्याचं ते विचारलं आणि तांब्या परत केला. केशरबाई फटकळ बाई, ती म्हणाली, "असं करून पोट्टी वापस येते काय वं?" आणि मग दारात बसून स्वतःच रडली.

डोमाजी पाहत होता. तो मुळात कमी बोलणारा माणूस. लेक गेली तेव्हा त्याचं उरलंसुरलं बोलणंही गेलं होतं. बायकोच्या उशाशी तो खारट पाण्याचा गडवा भरून ठेवी, तिची लुगडी नदीवर धुऊन आणी, आणि बाकीचा वेळ काठाकाठानं फिरत राही. लोक म्हणत, डोमाजीचंही डोकं फिरलं. पंचफुलाला मात्र पहिल्यापासून एक शंका होती, आणि त्या शंकेवरच ती खरं तर जगत होती. तिला वाटे, यानं वच्छीला काढलं असेल. आपल्याला दाखवण्यासारखी ती राहिली नसेल, म्हणून हा गप्प आहे. एवढा पाण्यातला माणूस, याला आपली पोर सापडणार नाही असं कसं होईल? विचारायची मात्र तिची छाती होत नव्हती.

एका दुपारी तो आत आला. हातात झिऱ्याच्या पाण्याचा तांब्या होता. तिच्या खाटेशेजारी जमिनीवर बसला आणि तिच्याकडं न पाहता बोलू लागला.

"तुले एक सांगतलं नाही म्या. वच्छी भेटली व्हती मले."

पंचफुला उठून बसली. 

"तिसऱ्या दिवशी. खालच्या वळणावर, पलीकडच्या काठाले. बाभळीच्या मुळाईत अडकली व्हती. मी एकटाच व्हतो. तिथंच वर नेऊन हातानं खड्डा केला अन् पुरली. वर दगड रचले. मंग पुढच्या पुरात तो काठ ढासळला, दगडही गेले. पण मासे नाही लागले तिले. मी पाह्यलं न. जशीच्या तशी व्हती."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तोंड... सुजलं व्हतं. तुले कसं दाखवू?"

"तोंड सुजलं व्हतं तं ओळखली कशी?"

डोमाजीनं तांब्या या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाला, "तिच्या हिरव्या परकरावरून. तू शिवलेला न तो, जरीच्या काठाचा."

पंचफुला काही बोलली नाही. बोलली असती तर एका शब्दात सगळं संपलं असतं. वच्छी त्या दुपारी एकदा घरी येऊन गेली होती, चिंब भिजून, नाक ओढत. पंचफुलानं तिच्या पाठीत एक धपका घालून हिरवा परकर ओढून काढला, दोरीवर टाकला, आणि आपली जुनी चोळी तिच्या अंगात घातली. ती पोरीच्या मांड्यांपर्यंत आली. तशीच ती पुन्हा पळाली. परकर दोरीवर वाळत राहिला. तो आता उतरंडीच्या तळच्या मडक्यात, तुरीच्या डाळीखाली होता. डोमाजी नदीवर असला की पंचफुला तो काढून मांडीवर घेऊन बसायची. डोमाजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दुपारी घरी नव्हताच.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. बाजारात वजन मारायला तराजूच्या दांडीला कधी बोट न लावलेला हा माणूस. कितीतरी दिवस काठाकाठानं फिरून त्यानं ही बाभूळ निवडली असेल, हे वळण निवडलं असेल, तिसरा दिवस ठरवला असेल, परकर आठवून ठेवला असेल. सांगणं खोटं होतं, पण तो रडत होता ते खोटं नव्हतं. नाक, डोळे, दाढी, सगळं भिजलं होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

आणि तेव्हाच तिच्यात जे शेवटचं काही शाबूत होतं ते कोसळलं. याला वच्छी सापडली असती तर यानं हे रचलं नसतं. ज्या शंकेवर ती दोन वर्षं तगली होती ती शंकाच खोटी निघाली. वच्छी कोणालाच सापडली नव्हती. ती कुठंही पुरलेली नव्हती, तिच्यावर कोणी दगड रचले नव्हते. बापाचा हात तिला लागला नव्हता. ती पाण्यातच राहिली होती, आणि पाण्यात राहिलेल्याचं काय होतं ते मास्तरनं उंबराखाली सांगितलं होतं.

"दगड चांगले रचले व्हते न?" पंचफुलानं विचारलं.

"हाव," डोमाजी म्हणाला. "मोठे मोठे."

"बरं केलं."

तिनं त्याच्या हातातला तांब्या घेतला आणि झिऱ्याचं पाणी प्याली. डोमाजीनं कपाळ खाटेच्या काठाला टेकवलं. तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला. केस पांढरे झालेले तिनं आत्ताच पाहिले. त्याची पोरही गेली होती आणि दोन वर्षांत कोणी त्याला जवळ घेतलं नव्हतं, याचं तिला फार वाईट वाटलं.

पडल्या पडल्या ती विचार करीत राहिली. डोह बंद ठेवायचा म्हणजे किती दिवस? ती मेल्यावर कोणीतरी जाळं टाकणारच होतं. मग केशरबाईची पोरं खातील, बाजारात टोपली जाईल, अकोल्याच्या कोणा गिऱ्हाइकाच्या ताटात तुकडा पडेल, आणि तो नीट नाही शिजला म्हणून नावं ठेवून टाकूनही देईल. वच्छी यांच्यात असेल किंवा नसेल. मास्तर म्हणाला तसं, ते कोणालाच कळणार नव्हतं. पण असली तर? असली तर बाकी सगळ्यांच्या आधी तिला कोणी घ्यायला हवं होतं? ती जिच्या पोटातून आली, ती बाई अजून जिवंत होती.

रितीचा अर्थ मोहल्ला काय लावायचा तो लावो. पहिला घास आईनंच का घ्यायचा, हे पंचफुलाला त्या खाटेवर कळलं, आणि ते कळण्यापेक्षा मरण बरं असं तिला वाटलं.

जुलाब थांबून अंगात जरा ताकद आली तशी ती पुंजाजीच्या ओट्यावर गेली. "भाऊजी, उद्या जाळं टाका," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळा मोहल्ला काठावर. पुंजाजीनं डोहाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि दोन वर्षं दोरीला टांगलेली जाळी पाण्यात पडली. पहिल्याच ओढीला जाळं जड झालं. पोरं नाचू लागली. त्यांना आयांनी दटावून गप्प केलं. पंचफुलानं स्वतः खाली उतरून जाळ्यातली सगळ्यांत मोठी मरळ निवडली, जुनी, काळीभोर, हातभर लांब. पोट तिनंच उघडलं. आत काय आहे ते या वेळी तिनं पाहिलं नाही.

लसूण-तिखटाचा रस्सा तिनं आपल्या चुलीवर केला. दुपारी उंबराखाली पंगत बसली. रीत अशी की आईनं एक घास घ्यायचा आणि उरलेली मासोळी प्रसादासारखी सगळ्यांच्या ताटांत थोडी थोडी जायची. मग बाकीच्या मासोळीच्या मोठ्या पातेल्याला हात लागायचा. पंचफुला ताट पुढं घेऊन बसली. डोमाजी समोर. 

तिनं भाकर मोडली. मरळीचा तुकडा बोटांनी फोडून काटा काढला, आणि घास हातात धरून जरा थांबली. ये, ती मनात म्हणाली. असलीस तर ये माये, आधी माह्याजवळ ये. मग तिनं तो तोंडात घातला, चावला, आणि गिळला.

बाया डोळे पुसू लागल्या. पुंजाजीनं "झालं, झालं" म्हणून सगळ्यांकडं पाहिलं. केशरबाई रितीप्रमाणे वाटी घेऊन पुढं आली आणि पंचफुलाच्या ताटातली उरलेली मासोळी वाटायला वाकली. पंचफुलानं ताट ओढून घेतलं. तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. डोकं खाल्लं, शेपूट खाल्लं, रस्सा भाकरीनं पुसून घेतला. एकेक काटा चोखून ताटाच्या कडेला लावला. कोणाला एक कणसुद्धा दिला नाही.

लोक आधी गप्प झाले आणि मग हळूहळू हसू लागले. बऱ्याच दिवसांनी मोहल्ला मोकळं हसत होता.

"खाऊ द्या तिले," पुंजाजी म्हणाला. "दोन वर्षाची भूक हाये."

डोमाजीही हसला. आपलं सांगणं तिनं खरं मानलं, असं त्याला वाटलं. त्यानं सरकून पाण्याचा तांब्या तिच्याजवळ ठेवला, आणि पंचफुलानं मान खाली घालून शेवटचा घास गिळला.